रक्तातले मायक्रोआरएनए: मशीनपर्यंत पोचण्याआधीच निकाल कसा बिघडतो आणि तो कसा वाचवायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विदर्भातल्या तीन रुग्णालयांतून हार्ट अटॅकच्या रुग्णांचं आणि निरोगी लोकांचं रक्त घेऊन प्लाझ्मामधले (पेशी काढल्यावर उरणाऱ्या द्रवातले) मिर-२०८बी, मिर-४९९, मिर-१२६ आणि मिर-२२३ हे चार मायक्रोआरएनए, म्हणजे जनुकांच्या कामावर ताबा ठेवणारे आरएनएचे इवले तुकडे, मोजायचे आहेत. आत्तापर्यंतची पद्धत अशी: ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेली ट्यूब, सेंट्रिफ्यूजमध्ये ३००० आरपीएमवर (मिनिटाला ३००० फेऱ्या) १० मिनिटं, वरचा प्लाझ्मा काढून उणे २० ला, आणि आठवड्यातून एकदा सगळं पुण्याच्या लॅबकडे. नॉर्मलायझर म्हणून, म्हणजे बाकीचे आकडे ज्याच्याशी ताडून बघायचे तो, मिर-१६. पायलटमध्ये, म्हणजे छोट्या पूर्वचाचणीत, एकाच गटातल्या नमुन्यांचे आकडे इतके विखुरले की कशालाच अर्थ लागेना. आता विचारणा अशी की आरएनए काढायचं किट बदलावं का, आणि मुख्य अभ्यासासाठी नमुने तयार कसे करावेत.

किट बदलू नका, निदान इतक्यात तरी नको. तुमच्या वर्णनावरून गडबड किटपर्यंत पोचण्याआधीच झालेली दिसते: सुई टोचल्यापासून प्लाझ्मा गोठेपर्यंतच्या वेळात. या वेळात तुमच्या हातून जे होतं ते नंतरच्या कुठल्याही महागड्या मशीनला दुरुस्त करता येत नाही. त्याहून मोठा धोका वेगळाच आहे. रुग्णांचं रक्त एका पद्धतीने आणि निरोगी लोकांचं दुसऱ्या पद्धतीने हाताळलं गेलं, तर दोन गटांत सुरेख फरक दिसेल, पी-व्हॅल्यूही छान येईल, आणि तो फरक आजाराचा नसून ट्यूबचा असेल. खाली जे लिहितोय ते सगळं या दोन गोष्टी टाळण्यासाठी आहे.

आधी कारण समजून घ्या, म्हणजे पद्धतीतली कुठली पायरी सोडता येते आणि कुठली नाही हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल. प्लाझ्मामध्ये मोकळे फिरणारे मायक्रोआरएनए अगदी तुटपुंजे असतात. त्यातले बरेचसे अर्गोनॉट-२ या प्रथिनाला चिकटलेले असतात, काही पेशींनी बाहेर टाकलेल्या सूक्ष्म पिशव्यांत असतात, आणि काही एचडीएलसारख्या चरबी वाहणाऱ्या कणांवर. हे चित्र साधारण २०११ च्या सुमारास स्पष्ट झालं. पण त्याच रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये पन्नास लाखांच्या आसपास लाल पेशी, दीड ते साडेचार लाख प्लेटलेट्स आणि हजारोंनी पांढऱ्या पेशी असतात, आणि या सगळ्यांच्या पोटात मायक्रोआरएनए ठासून भरलेले असतात. लाल पेशीला केंद्रक नसतं, पण मिर-४५१ए आणि मिर-१६ मात्र तिच्यात मुबलक असतात. प्लेटलेट्समध्ये मिर-२२३ आणि मिर-१२६ भरपूर. यातल्या काही पेशी फुटल्या किंवा प्लाझ्माबरोबर वर आल्या, तर तुम्ही मोजताय ते प्लाझ्माचं नव्हे, पेशींचं.

२०१२ मध्ये सिअ‍ॅटलच्या संशोधकांनी एक तपासणी प्रसिद्ध केली. घन ट्यूमरसाठी रक्तातले बायोमार्कर (आजाराच्या खुणा) म्हणून सुचवलेले ७९ मायक्रोआरएनए त्यांनी पाहिले, तर त्यातले ४६ रक्तपेशींमध्येच भरपूर सापडणारे निघाले. पेशींची संख्या आणि हिमोलिसिस (लाल पेशी फुटणं) यांमुळे काही मायक्रोआरएनएंची प्लाझ्मातली पातळी ५० पटींपर्यंत बदलू शकते, असंही त्यांनी दाखवलं. आजारामुळे होणारा खरा बदल बहुतेकदा दुप्पट-तिपटीचा असतो. तुमच्या चौघांपैकी दोन प्लेटलेट्सचे आहेत आणि नॉर्मलायझर लाल पेशींचा आहे. म्हणजे आकड्यांचा अंश एका पेशीवर अवलंबून आणि छेद दुसऱ्या पेशीवर. विखुरणार नाही तर काय होईल?

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण बऱ्याच ठिकाणी त्याच्याच आधारावर ढिलाई केली जाते. ‘मायक्रोआरएनए फार टिकाऊ असतात’ हे सगळ्यांनी वाचलेलं असतं. ते खरंही आहे. २००८ मध्ये प्रोस्टेट कॅन्सर आणि मिर-१४१ वरचं जे गाजलेलं काम झालं, त्यात प्लाझ्मा २४ तास खोलीच्या तापमानाला ठेवला, आठ वेळा गोठवून वितळवला, तरी पातळीत फारसा फरक पडला नाही असं दिसलं. पण तो पेशींपासून वेगळा केलेला प्लाझ्मा होता. ट्यूबमधलं अख्खं रक्त नव्हे. अख्ख्या रक्तात मायक्रोआरएनए टिकतातच. अडचण अशी की पेशींमधून नवे सतत झिरपत राहतात. टिकाऊपणाचा पुरावा दाखवून कुणी ‘रक्त संध्याकाळपर्यंत राहू दे’ म्हणालं तर ऐकू नका.

आता रक्त घेण्याकडे वळू. तुमच्या अभ्यासात मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती इथली. हार्ट अटॅकचा रुग्ण कॅज्युअल्टीत येतो, घाईत कॅन्युला लागते आणि रक्त त्या कॅन्युलातूनच सिरिंजने ओढलं जातं. निरोगी व्यक्ती मात्र सकाळी उपाशीपोटी येते, खुर्चीत शांत बसते आणि फ्लेबोटोमिस्ट कोपराच्या शिरेतून थेट ट्यूबमध्ये रक्त घेतो. कॅन्युलातून ओढलेल्या रक्तात हिमोलिसिसचं प्रमाण जास्त असतं, ही क्लिनिकल लॅबमध्ये रोजच्या पाहण्यातली गोष्ट आहे. म्हणजे पहिल्याच पायरीवर दोन गट वेगळे झाले.

त्यामुळे दोन्ही गटांसाठी एकच रीत ठरवा. २१ गेजची सुई, कोपराच्या पुढची शीर, थेट व्हॅक्यूम ट्यूबमध्ये. टूर्निके एक मिनिटाच्या आत सोडायची. स्पिरिट पूर्ण वाळू द्यायचं. पहिली ट्यूब नेहमीच्या तपासण्यांना द्यायची, तुमची ट्यूब नंतरची, कारण सुई शिरेत जाताना होणारी इजा आणि जागं झालेले प्लेटलेट्स पहिल्या रक्ताबरोबर येतात. ट्यूब तिच्या खुणेपर्यंत भरू द्यायची आणि लगेच आठ ते दहा वेळा हलक्या हाताने उलटीसुलटी करायची. हलवायची म्हणजे खुळखुळवायची नाही. सिरिंजने घेणं अगदीच भाग पडलं, तर दट्ट्या सावकाश ओढायचा आणि सुई काढून, ट्यूबचं झाकण उघडून, रक्त कडेने सोडायचं. बारीक सुईतून झाकण टोचून जोराने दाबलं की लाल पेशी हमखास फुटतात. कॅन्युलातून घेतलेला नमुना असेल तर फॉर्मवर तशी नोंद हवीच. रुग्णाच्या उपचारात आपल्या अभ्यासासाठी एका मिनिटाचाही उशीर होता कामा नये, हे वेगळं सांगायला नको. ट्रोपोनिनसाठी (हार्ट अटॅक ओळखायच्या तपासणीसाठी) रक्त काढतानाच आपली एक ट्यूब जास्त घेता येते का ते बघा. एथिक्स कमिटीकडे अर्ज तसाच लिहा.

ट्यूब ईडीटीएचीच ठेवा, जांभळ्या झाकणाची. हिरव्या झाकणाची हेपरिन ट्यूब नको, कारण हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शन (आरएनएची डीएनए प्रत बनवणं) आणि पीसीआर (ती प्रत सायकलमागून सायकल वाढवून मोजणं) दोन्ही दाबतं आणि आरएनए काढताना त्याच्याबरोबरच येतं. सायट्रेट ट्यूब वापरता येते, पण तिच्यातल्या द्रवामुळे प्लाझ्मा पातळ होतो आणि ट्यूब कमी भरली की प्रमाण बिघडतं. सीरमबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नव्याने सुरू करताय तर घेऊ नका. रक्त गोठताना प्लेटलेट्स आपल्यातला माल बाहेर टाकतात. तुम्हाला तर प्लेटलेट्सचेच दोन मायक्रोआरएनए मोजायचेत. शिवाय एका ठिकाणी ट्यूब अर्धा तास गोठायला ठेवली आणि दुसऱ्या ठिकाणी जेवणाच्या सुट्टीमुळे दोन तास राहिली, तर तोही फरक निकालात उतरतो.

हेपरिन मात्र ट्यूबमधूनच येतं असं नाही. हृदयरोगात ते रुग्णाच्या शरीरातच असतं, आणि तुमच्या अभ्यासातला हा सर्वांत फसवा मुद्दा आहे. अँजिओग्राफीला नेण्याआधी किंवा कॅथलॅबमध्ये हेपरिनचा डोस दिला जातो. त्यानंतर घेतलेल्या रक्तात पीसीआर दबलं की सीक्यू (कितव्या सायकलला संकेत दिसला तो आकडा) वाढतो आणि मायक्रोआरएनए ‘कमी झाले’ असं दिसतं. निरोगी गटात हेपरिन नसतंच. झाला फरक तयार! २०१३ मध्ये या विषयावर स्वतंत्र शोधनिबंध आले, तोवर हृदयरोगावरचे कितीतरी अभ्यास होऊन गेले होते. उपाय क्रमाने असे: शक्य तिथे रक्त हेपरिनच्या आधी घ्या; डोस केव्हा दिला आणि रक्त केव्हा घेतलं या दोन्ही वेळा लिहा; साध्या हेपरिनचा अर्धायुकाल साधारण तास-दीड तासाचा असतो, तेव्हा डोसनंतर लगेचच्या नमुन्यांपासून दूर राहा; आणि तरीही शंका असेल तर काढलेल्या आरएनएवर रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शनच्या आधी हेपरिनेज (हेपरिन तोडणारं एन्झाइम) वापरा, पण मग ते दोन्ही गटांतल्या सगळ्या नमुन्यांवर वापरा. फक्त रुग्णांच्या नमुन्यांवर वापरलंत तर नवा फरक तयार कराल.

अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या प्लेटलेट्सना आवरणाऱ्या औषधांचंही असंच. अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत प्लाझ्मातला मिर-१२६ कमी दिसतो, हेही २०१३ मध्येच दाखवलं गेलं. हार्ट अटॅकच्या रुग्णाला कॅज्युअल्टीत पहिल्या काही मिनिटांतच अ‍ॅस्पिरिन चघळायला देतात. मिर-१२६ बद्दल काहीही ठामपणे म्हणायचं असेल, तर नियंत्रण गटात निरोगी तरुणांपेक्षा आधीपासून अ‍ॅस्पिरिनवर असलेले, पण अटॅक न आलेले लोक हवेत.

वेळ आणि तापमान. रक्त घेतल्यापासून पहिल्या सेंट्रिफ्यूजपर्यंत एक तास हे लक्ष्य धरा, दोन तास ही शेवटची हद्द. दोन तास उलटले की नमुना या कामापुरता बाद. तोवर ट्यूब स्टँडमध्ये उभी, १८ ते २५ अंशांना. फ्रीजमध्ये ठेवायची नाही. लोक काळजीपोटी ट्यूब बर्फात घालतात, पण थंडीने प्लेटलेट्स जागे होतात आणि नेमकं नको तेच घडतं. आणि ‘खोलीचं तापमान’ हे शब्द प्रोटोकॉलमध्ये नुसते लिहून सोडू नका. मे महिन्यात चंद्रपूरच्या खोलीचं तापमान पुण्याच्या खोलीइतकं नसतं. एसी असलेली खोली किंवा २० अंशांचा छोटा इन्क्युबेटर, आणि शेजारी थर्मामीटर, असं नेमकं लिहा. रक्ताची ट्यूब मोटरसायकलच्या डिकीतून दुसऱ्या इमारतीत पाठवणं बंद करा. खड्ड्यांत बसणारे हिसके लाल पेशींना सोसत नाहीत. मोठ्या रुग्णालयात न्यूमॅटिक ट्यूबने नमुने जात असतील, तर तुमची ट्यूब हाताने न्यायची. थोडक्यात, सेंट्रिफ्यूज रक्ताजवळ असायला हवं. प्रवास करायचा तो प्लाझ्माने, तोही गोठल्यावर.

आता ‘३००० आरपीएम’. प्रोटोकॉलमध्ये आरपीएम लिहिणं म्हणजे तीन केंद्रांना तीन वेगवेगळ्या पद्धती देणं. पेशी खाली बसतात त्या जी-फोर्सने (गुरुत्वाकर्षणाच्या किती पट जोर बसतो त्याने), आणि तो रोटरच्या त्रिज्येवर ठरतो. सूत्र सोपं आहे: ०.००००१११८ गुणिले सेंटीमीटरमधली त्रिज्या गुणिले आरपीएमचा वर्ग. त्रिज्या मोजायची ती मधल्या दांड्यापासून, आडव्या झालेल्या ट्यूबच्या बुडापर्यंत. १५ सेंटीमीटरच्या रोटरवर ३००० आरपीएम म्हणजे साधारण १५०० जी. १० सेंटीमीटरच्या छोट्या टेबलटॉप मशीनवर तेच ३००० म्हणजे जेमतेम १००० जी. दुसऱ्या ठिकाणच्या प्लाझ्मात प्लेटलेट्स सरळसरळ जास्त राहणार, आणि मिर-२२३ त्या केंद्रात ‘वाढलेला’ दिसणार. पायलटचे आकडे केंद्रानुसार वेगळे काढून बघा; मला वाटतं तुम्हाला तिथेच गठ्ठे दिसतील.

एकदा फिरवून भागत नाही. दोनदा फिरवायचं. मी २५०० जी, १५ मिनिटं, २० अंश, असं दोन्ही वेळा सुचवतो. म्हणजे १५ सेंटीमीटरला साधारण ३८६० आरपीएम आणि १० सेंटीमीटरला ४७३०. रक्ताच्या ट्यूबला किती जी सोसतात ते उत्पादकाच्या पत्रकात बघून घ्या. काही लॅब दुसरी फेरी १०,००० जीच्या वर करतात. तेही चालतं, फक्त त्यात मोठ्या आकाराच्या पिशव्याही खाली जातात आणि त्यासाठी प्रत्येक केंद्रात मायक्रोसेंट्रिफ्यूज लागतं. तीन केंद्रांचा विचार करता पहिली रीत पाळायला सोपी आहे. जी निवडाल ती सगळीकडे एकच ठेवा. ब्रेक बंद, किंवा अगदी सौम्य.

पहिल्या फेरीनंतरची दोन मिनिटं सगळ्यात नाजूक असतात, म्हणून तिथे जरा थांबतो. ट्यूब रोटरमधून सरळ वर उचलायची, न हिंदकळता, आणि लगेच काम सुरू करायचं. प्लाझ्माच्या खाली, लाल पेशींच्या वर जी पांढुरकी पातळ साय दिसते तो बफी कोट: पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स. पिपेटचं टोक प्लाझ्माच्या वरच्या पातळीलाच टेकवायचं, काचेच्या कडेला लावून, आणि पातळी उतरेल तसतसं टोक खाली न्यायचं. टोक आधीच खोल बुडवून ओढलं की भोवरा होऊन खालची साय वर येते. बफी कोटच्या वर निदान अर्धा सेंटीमीटर, जमलं तर एक सेंटीमीटर प्लाझ्मा सोडून द्यायचा. ६ मिलिलिटरच्या ट्यूबमध्ये साधारण ३ मिलिलिटर प्लाझ्मा असतो. त्यातला वरचा दोनेक मिलिलिटर घेतला तर पुरे. उरलेल्याचा मोह धरणारा टेक्निशियन कष्टाळू असतो, आपला नमुना वाया जाऊ नये अशी त्याची मनापासूनची इच्छा असते. म्हणूनच त्याला कारण समजावून सांगा. नुसती सूचना दिलीत तर तो शेवटचा थेंबही काढून देईल.

हा प्लाझ्मा नव्या, टोकदार बुडाच्या ट्यूबमध्ये घेऊन दुसरी फेरी. खाली बहुतेकदा काहीच दिसत नाही. तरी शेवटचे १०० ते २०० मायक्रोलिटर सोडायचेच, कारण तिथे प्लेटलेट्स आहेत. सुरुवातीच्या काही नमुन्यांचं या टप्प्यावर सेल काउंटरवर प्लेटलेट काउंट करून बघा. मायक्रोलिटरला १०,००० च्या खाली यायला हवा. तिथे काउंटर फार अचूक नसतो, पण ४०,००० आला तर काहीतरी चुकतंय एवढं नक्की कळतं.

हे सगळं गोठवण्याच्या आधी व्हायला हवं. प्लेटलेट्ससकट प्लाझ्मा गोठवला की वितळताना ते फुटतात, त्यांचे बारीक तुकडे होतात आणि आतला माल प्लाझ्मात मिसळतो. वितळल्यावर पुन्हा फिरवून थोडी सुधारणा होते, पण मूळ स्थिती परत येत नाही. तुमच्या पायलटमध्ये नेमकं हेच झालंय: एकच फेरी, तीही कमी जीची, आणि लगेच उणे २०.

साठवणूक लवकर आटोपतो. २५० मायक्रोलिटरचे छोटे वाटे, म्हणजे अ‍ॅलिकोट, आरएनए न चिकटणाऱ्या लो-बाइंड ट्यूबमध्ये. त्याआधी प्लाझ्मा हलकेच उलटसुलट करून एकसारखा करून घ्या. थेट उणे ८०. केंद्रावर तसं फ्रीझर नसेल तर थोडे दिवस ड्राय आइसवर, किंवा रक्त घेण्याचे दिवस आणि गाडीचे दिवस जुळवून. फ्रॉस्ट-फ्री उणे २० तर मुळीच नको. त्यात बर्फ साचू नये म्हणून तापमान आपोआप वरखाली होत असतं. उन्हाळ्यात वीज जाते, म्हणून फ्रीझरला स्वतंत्र अलार्म आणि बॅकअप हवा, आणि एका रुग्णाचे सगळे अ‍ॅलिकोट एकाच फ्रीझरमध्ये नसावेत. एक अ‍ॅलिकोट एकदाच वितळवायचा, बर्फावर.

आता हिमोलिसिस ओळखायचं कसं? डोळ्यांवर विसंबू नका. प्लाझ्मा गुलाबी दिसण्याच्या कितीतरी आधी मिर-१६ आणि मिर-४५१ए वर चढलेले असतात. दोन चाचण्या करा, दोन्ही स्वस्त आहेत. पहिली: प्लाझ्माचं ४१४ नॅनोमीटरला शोषण, जिथे हिमोग्लोबिनचं शिखर येतं. बऱ्याच लॅब ०.२ ही मर्यादा धरतात, पण तुमचं मशीन १ मिलिमीटरच्या पाथलेंग्थचा (प्रकाश द्रवातून जातो त्या अंतराचा) आकडा देतंय की १० मिलिमीटरचा ते आधी तपासा, नाहीतर दहा पटींची गल्लत होईल. पोटभर जेवून आलेल्या माणसाचा प्लाझ्मा दुधाळ असतो आणि त्यानेही ४१४ चा आकडा फुगतो. म्हणून ३८५ ला सुद्धा वाचून ठेवा. दोन्हीकडे सारखाच चढ असेल तर तो चरबीचा. कॅज्युअल्टीतला रुग्ण उपाशी नसतो, तुमचे निरोगी लोक उपाशी असतात, तेव्हा हे तुम्हाला लागणारच आहे.

दुसरी चाचणी पीसीआरची. मिर-२३ए-३पी हिमोलिसिसने फारसा हलत नाही, मिर-४५१ए खूप हलतो. मिर-२३एच्या सीक्यूमधून मिर-४५१एचा सीक्यू वजा करा. उत्तर ५ च्या आत असेल तर ठीक. ५ च्या पुढे लाल पेशींची शंका, ७ च्या पुढे गेलं तर नमुना हिमोलाइझ झालेला समजा. उदाहरणार्थ मिर-२३ए २६ वर आणि मिर-४५१ए २२ वर आला तर फरक ४, नमुना चांगला. तोच मिर-४५१ए १८ वर आला तर फरक ८, तो बाजूला. मर्यादा निकाल बघायच्या आधी लिहून ठेवा. निकाल आवडला नाही म्हणून नंतर नमुने गाळायला लागलात तर अभ्यासात काही उरत नाही.

विदर्भात मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागेल, जी युरोप-अमेरिकेतल्या प्रोटोकॉलमध्ये सहसा लिहिलेली नसते. इथे सिकलसेल बरंच आहे, गडचिरोलीकडे मलेरियाही आहे. अशा माणसाच्या लाल पेशी शरीराच्या आतच फुटत असतात. त्याचं रक्त कितीही हळुवार घेतलं तरी ४१४ चा आकडा वरच येईल. ही हाताळणीतली चूक नव्हे. ते त्याच्या रक्ताचं वास्तव आहे. असे नमुने नुसते ‘हिमोलाइझ्ड’ म्हणून फेकले तर ज्या समाजात हा आजार जास्त आहे तोच समाज अभ्यासातून गळून पडेल. नोंदणीच्या वेळीच सिकलसेलची सोल्युबिलिटी चाचणी करून घ्या, पॉझिटिव्ह आल्यास एचपीएलसी ही खात्रीची चाचणी. शंका असेल तिथे हॅप्टोग्लोबिन (मोकळं हिमोग्लोबिन बांधणारं रक्तातलं प्रथिन) बघा: शरीरात पेशी फुटत असतील तर ते घटलेलं असतं, फक्त ट्यूबमध्ये फुटल्या असतील तर सहसा नाही. या लोकांचा वेगळा उपगट करा, आणि दोन्ही बाजूंना, रुग्णांत आणि नियंत्रण गटात, ते असू द्या.

आरएनए काढण्याबद्दल थोडंच, कारण तुमचं किट चांगलं आहे. प्लाझ्मातलं आरएनए इतकं कमी असतं की नॅनोड्रॉप या मोजयंत्राचा आकडा निरर्थक असतो; तो बघून ‘सगळीकडे १० नॅनोग्रॅम घेतलं’ असं लिहू नका. ठरलेला प्लाझ्मा, म्हणजे २०० मायक्रोलिटर, घ्यायचा, त्यातलं आरएनए ठरलेल्या आकारमानात बाहेर काढायचं आणि त्यातलं ठरलेलं आकारमान पुढे वापरायचं. इतक्या कमी आरएनएला सोबत म्हणून एमएस२ आरएनए किंवा ग्लायकोजेनसारखा वाहक लागतो. सेल-मिर-३९ हा बाहेरचा स्पाइक-इन (ठरलेल्या प्रमाणात मुद्दाम घातलेला आरएनए) वापरत असाल तर उत्तम. तो सी. एलिगन्स या किड्याचा आहे, ज्यात व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्कुन यांना १९९३ मध्ये पहिला मायक्रोआरएनए उमगला आणि २०२४ मध्ये ज्यासाठी नोबेल मिळालं, तोच किडा. माणसात त्याच्याशी जुळणारं काही नसतं, म्हणून तो चालतो. पण तो घालायचा केव्हा, याला फार महत्त्व आहे. प्लाझ्मात थेट घातला तर प्लाझ्मातले आरनेज (आरएनए तोडणारी एन्झाइम) त्याचा लगेच फडशा पाडतात, कारण त्याच्या अंगावर प्रथिनाचं कवच नसतं. आधी लायसिस द्रावण (पेशी आणि प्रथिनं मोडणारं) मिसळायचं, काही मिनिटं थांबायचं, मगच स्पाइक-इन. आणि हेपरिनचं दबलेपण हेरायलाही हाच कामी येतो: एखाद्या नमुन्यात सेल-मिर-३९ इतरांपेक्षा दोन-तीन सायकल उशिरा आला, तर तिथे काहीतरी पीसीआर दाबतंय किंवा आरएनए वाटेत गळालंय.

आरएनए वाटेत गळण्यावरून एक प्रकरण सांगतो, कारण त्यातला प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. सोलमधल्या नॅरी किम यांच्या प्रयोगशाळेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलं होतं की पेशी पृष्ठभागापासून सुटल्या की मिर-१४१ सारखे काही मायक्रोआरएनए घटतात. पुढे त्यांच्याच लक्षात आलं की नमुन्यात आरएनए कमी असलं की ट्रायझोल या द्रावणाने आरएनए काढण्याच्या पद्धतीत कमी जीसी (साखळीतली जी आणि सी ही अक्षरं) असलेले, स्वतःवर घडी घालणारे मायक्रोआरएनए निवडकपणे हरवतात. २०१२ मध्ये त्यांनी हे जाहीर केलं आणि आधीचा निबंध मागे घेतला. प्लाझ्मा म्हणजे कायमच कमी आरएनएचा नमुना. तेव्हा काही नमुन्यांना १०० आणि काहींना २०० मायक्रोलिटर, अशी तडजोड कधीही करू नका.

मिर-१६ नॉर्मलायझर म्हणून सोडून द्या. तो लाल पेशींचा आहे. हिमोलिसिस झालं की तोच वाढतो आणि बाकी सगळे मायक्रोआरएनए घटल्यासारखे दिसतात. यू६ हा पेशींतला छोटा आरएनए सुद्धा प्लाझ्मात नॉर्मलायझर म्हणून चालत नाही. सगळ्यांना चालेल असा एकच नॉर्मलायझर नाही. पायलटमध्ये पाच-सहा उमेदवार मोजा, नॉर्मफाइंडर या सॉफ्टवेअरने त्यातले दोन-तीन स्थिर निवडा, आणि ते हिमोलिसिसशी संबंधित नाहीत हे ४१४ च्या आकड्याविरुद्ध आलेख काढून पडताळा. मिर-२०८बी निरोगी माणसात बहुतेक वेळा सापडतच नाही. तिथे ‘४० सायकल’ असा आकडा भरून पट काढण्यापेक्षा ‘सापडला की नाही’ असं विश्लेषण जास्त खरं.

एका दिवशी सगळे रुग्ण आणि दुसऱ्या दिवशी सगळे निरोगी, अशा बॅच करू नका. प्रत्येक बॅचमध्ये दोन्ही गट, तिन्ही केंद्रं मिसळून, आणि काम करणाऱ्याला कोणता नमुना कुणाचा ते माहीत नसावं. प्रत्येक बॅचमध्ये एकाच मिश्र प्लाझ्माचा एक नमुना घाला, म्हणजे बॅचमधला फरक दिसेल.

जुन्या पायलटचे नमुने फेकू नका, पण नव्यात मिसळूही नका. त्यांची ४१४ आणि २३ए–४५१ए चाचणी करा. आत्तापर्यंतच्या पद्धतीने किती नमुने बिघडत होते याचा आकडा मिळेल आणि तो तुमच्या प्रबंधात उपयोगी पडेल. मुख्य अभ्यास सुरू करण्याआधी तिन्ही केंद्रांत एक छोटी चाचणी घ्या: काही निरोगी स्वयंसेवक, प्रत्येकाच्या चार ट्यूब. एक तासाभरात दोनदा फिरवलेली, एक चार तासांनी, एक फक्त एकदा फिरवलेली, आणि एक मुद्दाम जोरात खुळखुळवलेली. चारही ट्यूबमध्ये तुमचे चार मायक्रोआरएनए आणि नॉर्मलायझर उमेदवार मोजा. त्याच माणसाच्या, त्याच क्षणीच्या रक्तात हाताळणीने किती सायकल हलतात ते समोर येईल. मग रुग्ण आणि निरोगी यांच्यातला फरक त्याहून मोठा आहे की नाही हे बघून कोणता मायक्रोआरएनए अभ्यासात ठेवायचा ते ठरवा. माझा अंदाज आहे की मिर-४९९ टिकेल आणि मिर-२२३ गाळावा लागेल, पण हे तुमच्या केंद्रांतल्या रक्तावरच ठरायला हवं.